पांढरा, निळा आणि ट्रायल पीस

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रेडिमेड बंद. करिष्माचं लग्न फेब्रुवारीत, बेळगावात. माझी एकुलती बहीण, नोकरीला तिकडेच. लग्नासाठी घरातल्या चौघांचे कपडे मी स्वतः शिवणार. आई, बायको पारमिता, लेक सौम्या आणि मी. नुसते कपडे नाहीत, अख्खा कोऑर्डिनेटेड वॉर्डरोब. शिवणकामाच्या व्हिडिओतली बाई सांगते, रंग दोनच ठेवा, म्हणजे वरचं काहीही खालच्या कशावरही जातं. आमचे रंग पांढरा आणि निळा. बौद्ध घरात हे दोन रंग निवडायला व्हिडिओ लागत नाही, तरी पूर्ण बघितला.
जेवताना जाहीर केलं. कुणीही नवीन काही घ्यायचं नाही. पारमितानं विचारलं, तुम्हाला शिवता येतं? म्हटलं, येईल. आई म्हणाली, ‘व्हय, शिव की.’ लेकीनं फक्त माझ्याकडे बघितलं. सातवीत गेल्यापासून ती तसंच बघते.

८ नोव्हेंबर
मशीन आलं. ऑटोमॅटिक. अनेक प्रकारचे टाके. फुलांचे, पानांचे, बदकांचे सुद्धा. साधा टाका कुठल्या बटणावर ते उद्या बघू.

९ नोव्हेंबर
साधा टाका सापडला नाही. बदकं छान येतात.

१६ नोव्हेंबर, रविवार
कापडासाठी बेळगाव. एसटीत बसून निपाणी ते बेळगाव रंगांच्या पॅलेटचा विचार. खडेबाजारात एका दुकानात निळं कापड घेतलं, तिन्ही ताग्यांतलं अगदी एकसारखं. घरी उजेडात बघितलं तर एक निळा, एक हिरवट निळा, एक चक्क जांभळा. दुकानाला फोन केला. तो कन्नडमध्ये म्हणाला, स्वल्प अडजस्ट माडी, म्हणजे जरा सांभाळून घ्या. दोष दुकानातल्या ट्यूबलाइटचा आहे. पारमिता म्हणाली, जांभळा चांगला आहे. तिचा आवाज समजूत घालणारा होता. मला समजूत नकोय.

२३ नोव्हेंबर
सगळ्यांची मापं घेतली. आई ताठ उभी राहीना. म्हणाली, ‘मी काय मिल्ट्रीत भरती व्हायला आलोय व्हय रं?’ मापं झाली म्हणजे अर्धं काम झालं.

३० नोव्हेंबर, रविवार
व्हिडिओतली बाई म्हणते, चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी जुन्या कापडाचा ट्रायल पीस करा. एकदम पटलं. घरात कुणी नव्हतं. आई अक्कोळला मावशीकडे. तिच्या ट्रंकेत तळाला, जुन्या टॉवेलात बांधलेलं पांढरं लुगडं सापडलं. जरा पिवळट, पण कापड मऊ. आणि किनार निळी! पॅलेटमध्ये बसतं. हे शुभचिन्हच. कुर्ता बेतला. कात्री इतकी सुरेख चालली की थांबावंसं वाटेना.

१ डिसेंबर
कुर्ता तयार. एक बाही उलटी लागली आहे, त्यामुळे एक हात पुढे आणि एक मागे असा राहतो. ट्रायलच्या मानाने उत्तम. उरलेले तुकडे मशीन पुसायला.

६ डिसेंबर
महापरिनिर्वाण दिन. मशीनला हात लावला नाही. आज कारण खरं होतं.

१४ डिसेंबर
सौम्याची पँट बेतली. दोन्ही पाय डावे निघाले. ऑफिसात ऑडिट आहे, डोकं ठिकाणावर नसतं. जानेवारीत वेग धरायचा.

२० डिसेंबर
दारात भांडीवाली आली होती. पारमितानं जुने कपडे देऊन स्टीलचा डबा घेतला. मला विचारलं असतं तर ते कपडे ट्रायलला झाले असते. बोललो तसं. ती म्हणाली, तुमची ट्रायल संपेल कधी? उत्तर दिलं नाही. कलाकाराने देऊ नये.

१ जानेवारी
संकल्प : रोज एक शिवण, कितीही लहान असो.

२ जानेवारी
सुई मोडली.

१८ जानेवारी, रविवार
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.
सकाळी आईनं ट्रंक उघडली. करिष्मा लग्नात त्रिसरण-पंचशील घेताना जी साडी नेसणार, ती काढायला. आईच्या लग्नातली. पांढरी, निळ्या किनारीची. माझी आजी निपाणीच्या तंबाखू वखारीत कामाला होती, डोळे चुरचुरत, खोकत घरी यायची, आणि तिनं लेकीसाठी ती साडी घेतली होती. आईनं मला हे आज पहिल्यांदा सांगितलं. की आधी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं?
साडी सापडली नाही. आई ट्रंकेपाशी खालीच बसली.
मी म्हणालो, मिळेल गं, इथंच असेल. आणि तिच्याबरोबर शोधायला लागलो. कपाटाखाली वाकून बघितलं. बॅटरी लावून बघितलं. बॅटरी का लावली कळत नाही.

१९ जानेवारी
कुर्ता ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नेऊन ठेवला. लपवला नाही. सुरक्षित ठेवला.

२१ जानेवारी
आईला भांडीवाली आठवली. पारमिताला म्हणाली, ‘तूच दिलीस. डब्याच्या मोहानं माझ्या आईची साडी दिलीस.’ पारमितानं शपथ घेतली. आई ऐकेना. त्या डब्यातलं काही खाणार न्हाय म्हणाली. डब्यात शेंगदाण्याची चटणी होती.
मी तिथंच होतो. म्हणालो, जाऊ दे, लग्नाचं घर आहे. दोघींनी माझ्याकडे बघितलं. उद्या सांगायचं. नक्की.

२२ जानेवारी
सांगायला गेलो. आई झोपली होती. दुपारची झोप तिला आवश्यक आहे.

२४ जानेवारी
करिष्माला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘अण्णा, खरं सांगू? लई बरं झालं.’ तिनं स्वतःच्या पगारातून साडी घेऊन ठेवली आहे. आईचं मन मोडेल म्हणून बोलत नव्हती. मला म्हणाली, हे आईला सांगशील तर बघ.
फोन ठेवल्यावर जरा हलकं वाटलं. म्हणजे मी एका अर्थी बहिणीची अडचण सोडवली. अजाणता का होईना.

२५ जानेवारी
हलकं वाटणं टिकलं नाही. आई आणि पारमिता एकमेकींशी सौम्यामार्फत बोलतात. मीठ हवं तरी सौम्या.

२७ जानेवारी
नवा विचार : राहिलेले सगळे कपडे इतके सुंदर शिवायचे की आई साडी विसरेल. आईच्या ब्लाउजपासून सुरुवात. गळा बेतताना कात्री पाठीपर्यंत गेली.

१ फेब्रुवारी, रविवार
पारमिता सकाळी बाहेर पडली ती जेवणवेळ टळली तरी आली नाही. भांडीवाल्यांची वस्ती शोधत गेली होती. उन्हात, दारोदार, पांढरी साडी निळ्या किनारीची बघितली का, असं विचारत. शेवटी एकीनं तिला एक पांढरी साडी काढून दिली. ती घेऊन आली आणि आईपुढे ठेवली. आईनं किनार बोटांनी चाचपली. म्हणाली, ‘ही न्हाय गं.’ मग पारमिताचे पाय बघितले आणि म्हणाली, ‘पाणी पी आधी.’
पारमिता स्वयंपाकघरात गेली आणि तिथं रडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. मी काय करत होतो? पायमोज्याएवढ्या तुकड्यावर बदकांचा टाका घालत होतो.

२ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसातून कुर्ता आणला. आईसमोर पारमितालाही बसवलं. भाषण तयार होतं. ट्रायल पीसची संकल्पना, व्हिडिओ, माझा हेतू. तोंडातून एवढंच आलं : आई, साडी मी कापली.
आईनं कुर्ता मांडीवर घेतला. उलटी बाही सरळ करायचा प्रयत्न केला, ती होईना. मी म्हणालो, उरलेले तुकडे आहेत, थोडं तेल लागलंय. म्हणायला नको होतं. ती उठली, कुर्ता ट्रंकेत ठेवला आणि कुलूप लावलं. जाताना पारमिताच्या डोक्यावर हात ठेवला.
पारमितानं एकच विचारलं. ‘मी दारोदार फिरत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं?’
होतं.

३ फेब्रुवारी
आज जेवताना तो डबा मध्ये होता. आईनं चटणी घेतली, पारमितालाही वाढली. माझ्याकडे डबा आला नाही. मागितला नाही.

७ फेब्रुवारी
आई माझ्याशी बोलत नाही. सौम्यामार्फतही नाही.
कपड्यांचंही कबूल करून टाकावं म्हटलं. सगळ्यांना बोलावून सांगितलं की लग्नाचे कपडे होणार नाहीत, माझ्यावर विसंबून तुम्ही अडचणीत आलात, जबाबदारी माझी. पारमितानं कपाट उघडलं. तिची साडी, ब्लाउज, आईची साडी, सौम्याचा घागरा, सगळं इस्त्री करून टांगलेलं. शामू टेलरकडे नोव्हेंबरातच टाकलं होतं. मी मशीन मागवलं त्याच आठवड्यात.
माझ्यावर कुणी विसंबलंच नव्हतं. तीन महिने मी या गोष्टीचं ओझं वाहत होतो. म्हटलं, मग माझं? पारमिता म्हणाली, तुमचं तुम्ही शिवणार होता ना.

११ फेब्रुवारी
रेडिमेड शर्ट घेतला. निळा. खरोखर निळा.
मशीन खोक्यात घातलं. करिष्माच्या साडीची गोष्ट अजून कुणाला सांगितली नाही. एवढं एक काम नीट जमलं, आणि त्याची शाबासकी कुणाकडेच मागता येत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार. बेळगाव
लग्न झालं. करिष्मा तिच्या नव्या साडीत फार छान दिसत होती. नवरा, बुद्धप्रिय, पंचशील म्हणताना अडखळला, तिनं त्याला हळूच पुढचा शब्द सांगितला. आईनं मान खाली घातली होती. मला वाटलं साडीच आठवली असणार. मी खांबाआड उभा राहिलो. तिथून सगळं दिसत होतं आणि मी कुणाला दिसत नव्हतो.
फोटोसाठी बोलावलं तेव्हा जावं लागलं. नेमकी आईच्या शेजारची जागा मोकळी होती. फोटोवाला थांबला होता. आईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि इतक्या दिवसांनी बोलली. ‘बटणं चुकीची लावलीयास.’
बघितलं तर खरंच, सगळी बटणं एक काज वर गेली होती. मी चाचपडत एक काढलं आणि परत चुकीच्याच काजात घातलं. सगळे थांबले. शेवटी तिनंच एकेक बटण काढून नीट लावून दिलं, मंडपातल्या सगळ्यांसमोर, चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला.
फोटोत माझे डोळे मिटलेले आले आहेत.