एक मिनिट थांबा, येतेच

४ नोव्हेंबर, सोमवार

भाऊबीज आटोपून सकाळी पनवेलहून निघाले आणि दुपारच्या जेवणाला आगरदांड्यात हजर. नवी नोकरी, नवी वही. विश्वंभरकाकांच्या तीन लाँच आहेत. खाडीच्या पलीकडे माणसं, मोटरसायकली, सुपारीची पोती यांची ने-आण चालते. ऑफिस म्हणजे जेटीसमोरची एक खोली, खिडकीत सगळी खाडी आणि टेबलावर करड्या रंगाचा लँडलाइन. तो काढून इंटरनेटवरचा फोन बसवायचा आणि मग बुकिंग सांभाळायचं, एवढंच माझं काम. आधीचा कारकून देवदत्त अचानक गेला म्हणून माझी वर्णी लागली. काकांच्या घरच्या श्यामलाकाकूंनी त्यांच्या वाडीतलीच खोली दिलीय. सोलकढी तीन वाट्या प्यायले. आईला कळवलं, तुझी मृणाली इथे मजेत आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार

काका भारी विक्षिप्त. ऑफिसात एक नियम आहे : फोनवर शेवटी 'ठेवतो' म्हणायचं आणि रिसीव्हर हळूच जागेवर ठेवायचा. 'येतो' म्हणायचं नाही. मी विचारलं, निघताना आपण सगळे येतोच म्हणतो, जातो म्हणणं वाईट ना? ते म्हणाले, दारात म्हण हवं तेवढं, या फोनवर नको.

रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी एक फोन येतो, तो फक्त काका घेतात. आम्हाला बाहेर काढतात. आज दारातून ऐकलं. काका एवढंच म्हणाले, "नाही. ठेवतो." झाडलोट करणारी बायजा त्या वेळी केरसुणी घेऊन पायरीवर बसते. कोणाचा फोन, असं विचारलं तर म्हणाली, "त्याचं न्हाय इचारायचं, बाय."

९ नोव्हेंबर, शनिवार

झालं एकदाचं. तारा निघाल्या, फायबर आला, राउटरचे दिवे लुकलुकायला लागले. जुना फोन भंगारात द्यायचा सोडून काका स्वतः लाँचने जाऊन खाडीच्या मधोमध टाकून आले. परत आल्यावर दोन पेढे खाल्ले. त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

नंबर नवा घे, असं त्यांनी तीनदा बजावलं होतं. पण तीस वर्षांची गिऱ्हाइकं तुटतील म्हणून मी कंपनीला सांगून जुनाच ठेवलाय, सोमवारपासून तो चालू होईल. सोमवारी सांगेन, खूश होतील. आता रिसीव्हर नाही, कानाला हेडफोन. माझ्या मोबाइलवरही ॲप आहे. कोणी उचललं नाही तर यंत्रच उत्तर देतं. कंपनीची ती 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणणारी बाई मला अजिबात आवडत नाही. म्हणून मी माझ्याच आवाजात घरगुती निरोप भरला : "नमस्कार. एक मिनिट थांबा, येतेच." बायजा म्हणाली, आवाज ग्वाड हाय.

११ नोव्हेंबर, सोमवार

चार वाजून दहा मिनिटांनी मी चहाला गेले होते. यंत्राने फोन घेतला, रेकॉर्डही केला. नंबर आमचाच दिसतोय, म्हणजे आमच्याच नंबरवरून आम्हालाच फोन. वारा, लहान पोरीचा खोकला, मग माझं 'येतेच'. आणि एक बाई : "ये गं बाय. वाट बघतंय."

उतारू असेल म्हणून लाँच पाठवली. पलीकडे कोणी नव्हतं. काकांना हसत हसत सांगितलं, नंबर जुनाच ठेवलाय तेही सांगितलं. काका खाली बसले, सरळ जमिनीवर. काकूंनी पाणी आणलं, त्यांनी घेतलं नाही.

१२ नोव्हेंबर

काकांनी सगळं सांगितलं.

बावीस वर्षांपूर्वी ठमी नावाच्या बाईने पलीकडून नाणं टाकायच्या लाल फोनवरून इथे फोन केला. पोर तापाने फणफणलीय, दवाखान्यात न्यायचीय, लाँच पाठवा. काका म्हणाले, येतो. आणि जेवण उशिरा झालं होतं, जरा आडवे झाले ते झोपच लागली. वाट पाहून ती पोरीला घेऊन एकटीच होडीत बसली. होडी सापडली, त्या दोघी नाहीत. तेव्हापासून रोज त्याच वेळी तिचा फोन. विचारते, येताय ना? काका रोज नाही म्हणतात. येतो म्हणेल त्याला जावं लागतं.

काका नसताना एकदा देवदत्तने तो फोन घेतला आणि सवयीने म्हणाला, "बरं, येतो." चौथ्या दिवशी जेटीच्या पायरीवर त्याच्या चपला मिळाल्या.

मला आधी का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू थांबली असतीस का, म्हणाले. फोनच गेला की ती जाईल असं त्यांना वाटलं होतं. मला त्यांचा प्रचंड राग आलाय. आणि नंबर तर मीच ठेवला.

आजचा फोन मीच घेतला. नाही म्हटलं, ठेवते म्हटलं. ती म्हणाली, "काय ठेवतेस?"

१३ नोव्हेंबर

फोन बंदच होत नाही. लाल बटण दाबलं. राउटर उपटला. ॲप काढलं. पडद्यावर तेच : कॉल चालू, एकोणीस तास. वारा ऐकू येतो. खोकला.

काकांनी हेडफोन ओढून घेतला. रडत म्हणाले, ठमे, मी येतो, हिला सोड. ती म्हणाली, "तुमचं येनं म्या बगलंय. जिनं आता सांगितलं तिलाच धाडा."

संध्याकाळच्या एसटीने पनवेल. मोबाइल वाटेत फेकला. घरात शिरले, तर आईच्या फोनमधून — खोकला.

१४ नोव्हेंबर, दुपार

सकाळी पाय आपोआप निघाले. आईने दारात अडवलं, कुठे चाललीस? मी म्हटलं, जाते. आई चिडली, जाते काय म्हणतेस, येते म्हण. जीभ वळेना. तो शब्द मी दुसरीला दिलाय — आई एसटी स्टँडपर्यंत मागे आली. म्हण ना, एकदा म्हण —

पोचले. जेटीची खालची पायरी. वही मांडीवर. चपला काढून ठेवल्या, कशा काढल्या आठवत नाही. पाणी गुडघ्यापर्यंत. कोमट.

चार वाजून नऊ. हेडफोन नाही, तरी कानात —

बायजा मागून धरतेय. काका खिडकीतून ओरडतायत, ठेव, ठेवते म्हण —

म्हणतेय. पण हातात ठेवायला काही