बाकावरची ओंजळ

४ ऑगस्ट
गुटूच्या खेड्यातून मास्विंगो शहरात आले, लेकीकडे. बसमध्ये मांडीवर कोंबडी होती, ती माझ्यापेक्षा शहाण्यासारखी बसली. शुवाईने थांब्यावरच मिठी मारली, पण हाताला नुसती हाडं लागली. जावई जोहान्सबर्गला कामाला गेला, त्याचा चार महिने फोन नाही. विचारलं तर म्हणाली, "आई, आल्या आल्या नको ना." बरं बाई. पण तिला बोलतं करायलाच मी आले आहे.

१८ ऑगस्ट
मला या वयात काम मिळालं! इथल्या मुचेके वस्तीच्या दवाखान्यात जॅकरँडाच्या झाडाखाली एक बाक आहे. अतिविचारांनी ज्यांचं काळीज धडधडतं, झोप उडते, त्यांचं तिथे बसून ऐकायचं. सिस्टर मुचानेता यांनी आठवडाभर शिकवलं. ऐका, विचारा, वाट त्यांची त्यांना सापडू द्या, स्वतःच्या अंगावर काही घेऊ नका. केस पांढरे असल्यामुळे मी एका दिवसात सगळ्यांची गोगो, म्हणजे आजी, झाले.

२० ऑगस्ट
पहिलीच आली ती भाजीवाली एनिया. बोटांना मुंग्या येतात, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं म्हणाली. रडून रडून दमली. तिला हसवावं म्हणून मी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली, कुणाकडून काही घेताना आपण करतो तशी, आणि म्हटलं, "दे इकडं. ठेव गोगोपाशी." तिनेही खेळ म्हणून आपले रिकामे हात माझ्या ओंजळीत ओतले. हसत घरी गेली. असं करायचं नसतं, म्हणून सिस्टर माझ्यावर रागावल्या. रागावू देत.

२३ ऑगस्ट
एनिया टोमॅटो घेऊन आली. मुंग्या गेल्या, झोप लागते म्हणाली. माझी बोटं मात्र त्या दिवसापासून बधिर आहेत. वय झालं, दुसरं काय.

१ सप्टेंबर
बातमी मुचेकेभर झाली. लोक आता बसल्या बसल्याच हात पुढे करतात, आणि मला नाही म्हणवत नाही. टॅक्सीवाल्या गिवमोरच्या कानात घंटा वाजायची, ती आता माझ्या कानात वाजते. एका मास्तरीणबाईंच्या पोटातला पीळही माझ्याकडे आहे. सिस्टरांनी तपासलं. हृदय ठणठणीत आहे म्हणाल्या, ऐकून ऐकून गोगो तुम्हालाच हा आजार जडला, थोडे दिवस बाक सोडा, कुणाशी तरी बोला. खरं असेल. पण घंटा गिवमोरने सांगितली तीच आहे. डाव्या कानातच.

९ सप्टेंबर
साड्झा, मक्याची घट्ट उकड, वाढली. ताटली घ्यायला शुवाईने दोन्ही हात पुढे केले, लहानपणी मीच शिकवले तसे. माझ्या अंगातलं सगळं एकदम बोटांकडे धावलं, उतू जाणाऱ्या दुधासारखं. तिच्या हातात उतरेल म्हणून घाबरून मी ताटली जमिनीवर ठेवली. तिने ताटलीकडे बोट केलं. म्हणाली, "कुत्र्याला वाढतात तसं?" न जेवता उठली.

१२ सप्टेंबर
बाक सोडला. शुवाई तीन दिवस बोलत नाही. भर दुपारी तिच्या दाराआड धापा ऐकू येतात — कुणी पाठीस लागल्यासारख्या. दार वाजवलं. उघडलं नाही.

१५ सप्टेंबर
बाकावरच्या नोंदींची वही परत करायला दवाखान्यात गेले. बाकावर शुवाई. रांगेतल्या बायकांसारखी, मान खाली. म्हणाली, "घरी तुला सांगता येत नाही, म्हणून इथे आले. श्वास अडकतो, आई. रोज वाटतं, आत्ताच मरते." हिचं माझ्यात मावणार नाही, हे मला ठाऊक होतं. माझ्यात जागाच उरली नव्हती.
ओंजळ पुढे केली.

१६ सप्टेंबर
शुवाई जेवली. दोनदा मागून घेतलं. अंगण झाडताना गाते आहे.
मी — चार शब्द लिहायचे, मग श्वास. चार शब्द. मग —

१७ सप्टेंबर
एनिया येऊन गेली. ओंजळीत दिलेलं माझ्याच अंगात राहतं, हे शुवाईला सांगून बसली. का सांगितलं —
ती समोर येऊन बसली आहे. दोन्ही हात पुढे. "आई, माझं मला दे. त्यांचंही दे." नको म्हटलं. पेन ठेव म्हणते. तिला काय माहीत, किती आहे — बोटांशी आलंय सगळं.
लिहिते आहे तोवर हात गुंतलेले आहेत. म्हणून लिहिते. श्वास — लिहिते. ती पेन धरते आहे. हळूच. शुवाई, नको ग, हात मागे —