पोरीला तुझं नाव

प्रिय आई,

हे पत्र अंपारो तुला वाचून दाखवील. पण नेहमीसारखं अंगणात, शेजारणी गोळा करून नको. स्वयंपाकघरात दार लावून बसा. आणि अंपारो, मधलं काही गाळू नकोस. बायको म्हणून माझी बाजू तर मुळीच सावरू नकोस.

आई, तू बोलत नाहीस म्हणे. नुसते वाटाणे सोलत बसतेस. "त्याला म्हणावं, तिकडच्या साहेबाच्या बायकोचं नाव ठेव पोरीला," एवढं एकदाच बोललीस आणि बाप्तिस्म्याला येणार नाही म्हणालीस. अंपारोच्या पत्रात ते वाचून मला हसू आलं आणि मग जेवण गेलं नाही. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव, हे आपल्या गावात कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. आणि मीच लिहिलं, तुझं आंगुस्तियास नको, दुसरं काहीही चालेल. पोर सहा आठवड्यांची झाली. बाप्तिस्मा नाही म्हणून उंबऱ्याबाहेर नेता येत नाही. पाद्रीबाबा दोनदा दारी येऊन गेले. आता हा रविवार शेवटचा.

मी असं का लिहिलं ते मलाच नीट कळत नाही. सांगायला गेलो की धागा सुटतो. एका जागी माझं बूड टिकत नाही हे तुला ठाऊक आहे. खाण सोडली, गोदी सोडली, आता इथे जर्मनीत लोखंड ओततो. पण इथली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आमच्या बराकीतल्या मोदेस्तोने जर्मन शिकायला कोश घेतला. शब्द शिकायचे सोडून तो आमची नावं शोधत बसला. मोदेस्तो म्हणजे विनयशील! शनिवारी आरशासमोर तासभर उभा राहणारा, गावातल्या चार पोरी आपल्यासाठी झुरतात म्हणून सांगणारा हा विनयशील! आम्ही हसून मेलो. मग मी माझ्या मावशीचं नाव सांगितलं, दोलोरेस. कोशात वेदना. आणि आपली मावशी तर कुणाचंही लग्न असो, सगळ्यांत आधी नाचायला उठते. अंपारो म्हणजे आसरा. आणि तो आसरा घरी ठेवून मी इथे आलोय. माझं इनोसेन्सिओ म्हणजे निष्पाप. मग मोदेस्तो म्हणाला, "आता आईचं सांग." मी विडी ओढायला बाहेर निघून गेलो.

खरं म्हणजे लहानपणी मला तुझ्या नावाचा अर्थ कुणी विचारला असता तर मी देवळातली माउली दाखवली असती. काळ्या मखमलीतली, क्रुसावरून उतरवलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेली. तिचं नाव तुला, एवढाच अर्थ. इथे तोच शब्द सांगितला की लोकांना फक्त क्लेश ऐकू येतात. मग खरं काय? पोरीच्या कपाळी आपण क्लेश लिहितोय की माउली? दोन्ही खरं वाटतं. कारखान्यात उभ्या उभ्या विचार करतो आणि मुकादम ओरडतो.

आता जे सांगायला बसलोय ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा कचेरीत कागद भरला. आईचं नाव? मी सांगितलं. दुभाषी बाईंनी कारकुनाला अर्थ सांगितला. तो चांगला माणूस आहे, पण हसला. "आईवडील रागावले होते का तिच्यावर?" म्हणाला. माझे कान तापले. मी म्हटलं, चुकलं, कोन्सुएलो लिहा. दिलासा. हो, पाववाल्या कोन्सुएलोचंच नाव, जिच्याशी तू नऊ वर्षं बोलत नाहीस. त्या क्षणी तेवढंच सुचलं. दोन वर्षं इथल्या कागदावर ती माझी आई आहे. मध्ये सुट्टीत घरी येऊन गेलो तेव्हाही तुला हे सांगितलं नाही. आणि पोर झाल्याचं कळलं तेव्हा वाटलं, तिलाही कुठेतरी असाच कागद भरावा लागेल. म्हणून नको लिहिलं. तुझ्यामुळे नाही, माझ्या लाजेपायी. काल कामाच्या कपड्यांतच कचेरीत गेलो. दुभाषी बाई म्हणाल्या, "अहो, आई बदलते का कधी?" कोन्सुएलो खोडून तुझं नाव लिहून घेतलं. कारकुनाने परत विचारलं, म्हणजे काय. मी म्हटलं, ती सगळ्यांना वाढून झाल्यावर उभ्यानेच जेवते, आणि हसली की तिसऱ्या गल्लीत ऐकू जातं. हे दोन्ही मिळून. बाईंनी त्याला काय सांगितलं कोण जाणे, तो या वेळी हसला नाही. रविवारी तू जा, आई. पोरीला तूच उचलून ने. पाद्रीबाबांनी नाव विचारलं की अंपारोने नाही, तू सांगायचंस. आणि तुला ते नाव द्यायचं नसलं, मी तुला लपवलं म्हणून द्यायचं नसलं, तर दुसरं सांग. मला काही म्हणायचा हक्क नाही.

तुझाच, नावापुरता निष्पाप,
इनोसेन्सिओ