दसऱ्याला अडकलेलं हँडल

दसरा, २०१६. संध्याकाळ.

सकाळपासून तेच डोक्यात. मोटरसायकलला झेंडूचा हार घालताना हँडल फिरवलं, तर ते मधोमध अडकलं. पुढच्या शॉकमधून तेल गळत होतं म्हणून परवा अंगणात सगळं मीच उघडलं, हँडलचं बेअरिंगही नवं टाकलं. ढिलं राहायला नको म्हणून वरचा नट जास्तच आवळला असणार. कुणी सांगितलं होतं एवढा जोर लावायला? उद्या पहाटेच आईला मागे बसवून कासाला जायचंय, ताईचं बाळ बघायला. वाटेत चारोटीला हायवेवर ट्रकांच्या मधे हँडल असं अडकलं तर?

नट सैल करणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. पण पाना देवापुढे पाटावर, हळदकुंकू लावलेला. दसऱ्याला हत्याराला हात लावायचा नाही, हे आईनंच लहानपणापासून बजावलंय. तरी पुन्हा पुन्हा अंगणात जाऊन हँडल फिरवून बघतोय. मधोमध अडकतंच.

शेवटी आईला सांगून टाकलं. ती उठली. पाटाजवळ गेली, पान्यावरचं फूल बाजूला ठेवलं, नमस्कार केला आणि पाना माझ्या हातात दिला.

"देवीची समजूत मी काढते," म्हणाली. "मागे मलाच बसायचंय."