रिंगणीच्या बीतलं पोर

आये, उद्या माझी दाढ काढणार आहेत. उजवीकडची, खालची, तू जिला धुरी द्यायचीस तीच. दुसऱ्या कुठल्या दातासाठी तुला कधी चूल पेटवावी लागली नाही, म्हणून ही गेली की तुझं माझ्या तोंडातलं सगळं संपलं, असं सकाळपासून उगाच वाटतंय. जव्हारच्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "सोबत कोणी येईल ना?" मी बेधडक हो म्हणाले. कोण, ते त्यांनी विचारलं नाही, बरं झालं.

साखरशेतचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. मी गाल धरून रडतेय आणि तू बांधावरून भुईरिंगणीची फळं खुडून आणली आहेस. जमिनीला चिकटून पसरलेलं ते झाड, पानांना दोन्ही अंगांनी काटे, जांभळी फुलं, आणि पिकली की पिवळीधमक फळं. थाळीत पाणी, मधोमध लाल तापलेलं खापर, त्यावर तेल चोळलेल्या बिया, वर भोक पाडलेली करवंटी, भोकात पपईचा पोकळ देठ. धूर तोंडात घेऊन मी ठसकते, तू पाठीवर हात ठेवतेस. मग थाळीतल्या पाण्यावरचे बारीक पांढरे, गळासारखे वाकडे आकडे दाखवून म्हणतेस, "निंगाला गो किडा, निंगाला!" त्या शब्दासरशी माझा ठणका निम्मा व्हायचा.

पुढे कॉलेजात भिंगाखाली रिंगणीची बी उघडली, तर आत तोच वाकडा पांढरा आकडा! वांग्याच्या कुळातल्या बियांत गर्भ असा वळूनच बसलेला असतो, तापून बी फुटली की बाहेर उडतो. सुट्टीत मोठ्या फुशारकीने तुला सांगितलं, "आये, तो किडा नाही, बीचा गर्भ आहे." भाकरी थापता थापता तू थांबलीस.

"गर्भ म्हंजे पोर? मंग मी आजवर किती पोरा जालली गो?"

मी हसून हसून लोळले. तू हसली नाहीस. धुरी काही सोडली नाहीस, गाल धरून माणसं यायचीच. पण त्यानंतर खापरावर बिया टाकण्याआधी एक बी मागच्या दारी फेकायचीस. "एक राहू दे." तिथे रिंगणीचं रान माजलं, आणि पायात काटा मोडला की आम्ही तुझ्या नावाने बोटं मोडायचो.

आता मी हेच वर्गात शिकवते. मूळ दशमुळांतलं, काढा खोकल्यावर, कच्चं फळ विषारी, बाकीचे गुण अजून तपासायचे आहेत, आणि धुरी कोणी घेऊ नये. सगळं खरं आहे. पण वर्ग सुटला की घरी येते आणि दाढ दुखतेय हे सांगायला कोणी नसतं, आये. फार एकटं वाटतं.

आज मोखाड्याहून येताना रस्त्याकडेला पिकलेली रिंगणी दिसली. दोन फळं आणली, गॅसवर खापर तापवलं. एक बी बाजूला काढली. मग दुसरीही खापरावर टाकवेना. गॅस बंद केला, बिया सगळ्या खिडकीतल्या कुंडीत टाकल्या.

हे कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून सांगते. त्यानंतर मी ओट्यापाशी खाली बसले आणि आ करून बराच वेळ तशीच राहिले, कोणी "निंगाला" म्हणेल म्हणून.