लॅपटॉप अ, ब आणि क

१९ जून, गुरुवार
स्पृहाला पुण्यात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. विषय नकाशांचा. उपग्रहावरून काढलेले फोटो वगैरे. वर्ग एक ऑगस्टला सुरू. पत्रात स्पष्ट लिहिलंय, प्रत्येकाजवळ स्वतःचा लॅपटॉप हवा.
आनंद झाला. खरंच झाला. कुंदाने पेढे वाटले. एकुलती एक मुलगी वणीबाहेर पहिल्यांदाच राहणार, म्हणून तिचे डोळे भरून आले. मी स्थिर होतो.
लॅपटॉपची जबाबदारी मी घेतली. पाटबंधारे उपविभागाच्या भांडारात मी खरेदीचंच काम करतो. तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, मग निर्णय. आठ दिवसांत लॅपटॉप घरात. निश्चय.

२० जून
प्राथमिक विचार. किंमत, वेग, रंग हे सगळं गौण. मशीन आज ना उद्या बिघडणारच. बिघडल्यावर कंपनी ओळख दाखवते की नाही, हा खरा प्रश्न. म्हणून निकष दोनच: टिकाऊपणा आणि कस्टमर सपोर्ट.
तीन कंपन्या निवडल्या. निःपक्षपातीपणासाठी त्यांना अ, ब आणि क म्हणणार. रोजनिशीतसुद्धा. ही वही कोणी वाचत नाही हे खरं. पण कोणी बघत नसतानाच माणसाची परीक्षा असते.

२२ जून, रविवार
दिवसभर व्हिडिओ पाहिले. सगळ्यांच्या मते अ उत्तम. मग खालच्या कॉमेंट वाचल्या. सांगलीच्या एका गृहस्थाच्या अ-ची बिजागरी तुटली आणि कंपनीने म्हणे हात वर केले. पुढे काय झालं ते लिहिलेलं नाही. मी विचारलं. उत्तर नाही. संध्याकाळी फिरायला गेलो तरी डोक्यात तोच माणूस. आता काय वापरत असेल?

२५ जून, संध्याकाळी ७
अ-च्या हेल्पलाइनला फोन केला. अडचणीच्या वेळी हे लोक कसे वागतात ते अडचण येण्याआधीच तपासावं, हा हेतू. आधी बासरी लागली. एकच सूर, मधेच तुटणारा, पुन्हा पहिल्यापासून. कुकरमधली तुरीची डाळ शिजून निघाली तरी बासरी चालूच.
शेवटी एक मुलगी आली. सीरियल नंबर मागितला. खोटं बोलणं शक्य नव्हतं. म्हटलं, लॅपटॉप नाही. ती म्हणाली, मग सर, प्रॉब्लेम काय आहे? म्हटलं, अजून नाही, पण होईल. तिने पुन्हा बासरी लावली.
अ बाद.
रात्री वाटलं, हा अन्याय तर नाही? त्या मुलीची काय चूक? अ सशर्त बाद.

२७ जून
आठ दिवस झाले. निश्चय मोडला असं म्हणता येणार नाही, कारण तेव्हा कामाचा आवाका कळला नव्हता.
ऑफिसात फुलसिंगने विचारलं, झाला का लॅपटॉप? फुलसिंग राठोड शेजारच्या टेबलावर बसतो. माणूस चांगला, गांभीर्य कमी. मी निकष समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणतो, नरहर साहेब, पोरीले लॅपटॉप घ्यायचा हाय का धरण बांधायचं हाय? सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो, पण धरणाची उपमा मला चुकीची वाटली नाही.

१ जुलै
रजा टाकून चंद्रपूरला गेलो. वणीला सगळ्यात जवळची सर्व्हिस सेंटरं तिथली. अ, ब आणि क, तिन्हींचे बोर्ड एकाच दुकानावर. आत एकच माणूस, एकच स्क्रूड्रायव्हर. मी विचारलं, यातला कोणता जास्त येतो दुरुस्तीला? तो म्हणाला, जो जास्त विकल्या जाते तो.
उत्तर टाळाटाळीचं वाटलं. तरी तिघांना वेगवेगळे गुण दिले, कारण बोर्ड वेगवेगळ्या उंचीवर होते.

४ जुलै
नवा निकष सुचला: धूळ. घरासमोरून कोळशाच्या गाड्या रात्रंदिवस जातात, खिडकी पुसली की तासाभरात पुन्हा काळी. लॅपटॉपचा पंखा हे सगळं आत ओढणार. बायपासवरच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात पाहून आलो. तिथला लॅपटॉप इतका काळा की मूळ रंग कळेना, पण चालू. कंपनीचं नाव धुळीखाली. मालक हिरासिंग म्हणाले, साहेब, दुपट्टा टाकून ठेवा, काई होत नाई.
दुपट्टा हा निकष होऊ शकतो का? विचार करायला हवा.
स्पृहाने जेवताना विचारलं, बाबा, कधी घ्यायचा? म्हटलं, अंतिम टप्पा. ती म्हणाली, तुमचा अंतिम टप्पा धरणावानी असते, पाणी काही सोडत नाही. हिच्यापर्यंत फुलसिंगचं बोलणं पोचलं कसं?

९ जुलै
व्हिडिओ, कॉमेंट, हेल्पलाइन, सगळं परकं. आपल्याकडे खात्रीची पद्धत एकच: घरी जाऊन चौकशी. वापरणाऱ्या माणसासमोर बसायचं, चहा घ्यायचा, त्याच्या तोंडाकडे पाहायचं. खरं काय ते कळतंच.
मारेगावचे विठ्ठलराव आठवले. कुंदाच्या मावसबहिणीच्या सासरकडचे, कपाशी-तुरीचे मोठे शेतकरी. त्यांचा ऋतिक इंजिनियर झाला आणि त्याच्याकडे ब आहे. फोन केला. रविवारी येतो, जरा चौकशी करायची आहे, असं सांगितलं. त्यांनी आधी आत कोणाला तरी हाक मारली. मग म्हणाले, या ना भाऊसाहेब, घर तुमचंच हाय.

१३ जुलै, रविवार
मारेगावला जाऊन आलो. काय हे आदरातिथ्य! अंगण शेणाने सारवलेलं. आधी पोहे, मग शिरा, मग चहा. विठ्ठलरावांनी पांढरा टोपी-सदरा घातला होता. ऋतिक इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसला, मान खाली. मुलगा सालस वाटला.
मी लगेच विषय काढणं बरं दिसलं नसतं. तोवर विठ्ठलरावांनी शेती किती, विहिरी किती, हे आपणहून सांगितलं. त्यांच्या पत्नी इंदूबाईंनी स्पृहाची चौकशी केली: उंची किती, भाकर थापता येते का. खेड्यातल्या माणसांना किती जिव्हाळा असतो! म्हटलं, येते, पण तिला आधी नकाशे शिकायचेत. इंदूबाई म्हणाल्या, शिकू द्या ना, आम्ही काई अडवत नाई.
त्यांनी का अडवावं, हे कळलं नाही.
शेवटी ऋतिकला लॅपटॉपबद्दल विचारलं. तो घाबरला. बरा आहे काका, म्हणाला. मी मुद्दाम खोदून विचारलं, लवकर तापतो का, रात्री त्रास देतो का, काही झालं तर कंपनी धावून येते का. तो वडिलांकडे पाहायला लागला.
निघताना मला टोपी-नारळ दिले. ब-ला आदरातिथ्याचे गुण देण्याचा मोह आवरला.

१६ जुलै, संध्याकाळी ७
भयंकर प्रकार.
कुंदाच्या मावसबहिणीचा मारेगावहून फोन. म्हणे, जावईबापू पोरगं पाहून गेले, पोहे-शिरा खाऊन गेले, नारळ घेऊन गेले, आन् आम्हाले एका शब्दानं सांगतलं नाई? मारेगावभर झालंय, नरहरभाऊंनी ऋतिकला पसंत केलं.
मी कुंदाला सगळं सांगितलं. ती आधी हसली. मग हसायची थांबली, कारण स्पृहा दारात उभी होती.
स्पृहा ओरडली नाही. हळूच म्हणाली, बाबा, तुम्ही हे काय करून राह्यले? महिना झाला. मला पाठवायचं नसेल तर तसं सरळ सांगा.
मी म्हटलं, स्पृहा, हा आरोप निराधार आहे. माझा तक्ता बघ. तिने बघितला नाही.

१७ जुलै
झोप नीट नाही. स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, मला तिला पाठवायचं नाही का? दोन्ही बाजू तपासल्या. पाठवायचं आहे. योग्य लॅपटॉप घेऊन पाठवायचं आहे. प्रश्न निकाली.
ऑफिस सुटल्यावर मारेगावला गेलो, गैरसमज दूर करायला. विठ्ठलरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, म्हंजे तुम्ही पोट्टं पाहाले नाई आलते? कम्प्युटर पाहाले आलते? इंदूबाई आतून म्हणाल्या, मंग मी घरचं तूप घालून शिरा केलता तो कम्प्युटरले?
मी नारळ परत नेला होता. कोणी हात लावेना. तसाच पिशवीत घेऊन निघालो.
फाटकापाशी ऋतिक मागून आला. त्याचा चेहरा पहिल्यांदाच मोकळा. काका, आता सांगतो, म्हणाला, लॅपटॉप दिवाळीपासून बंदच हाय. म्हटलं, मग कंपनी काय म्हणते? तो म्हणाला, फोन कायले करू? बंद हाय तं बाबा मले नोकरीचे अर्ज भराले बसवत नाई, रात्री लवकर झोपू देतात.
ब-चा सपोर्ट: अनिर्णित.

२० जुलै
कुंदा आज निवांतपणे बोलली. निवांत बोलते तेव्हा मला जास्त भीती वाटते. तिने विचारलं, अहो, स्पृहा राहणार कुठे? म्हटलं, पुण्याला. ती म्हणाली, मग चंद्रपूरचं सर्व्हिस सेंटर कायले पाहिलं? कोळशाची धूळ पुण्यात कुठून येणार?
मुद्दा तपासण्यासारखा आहे. पण दिवाळीत ती येईलच ना घरी, उन्हाळ्यातही येईल. तेव्हा बिघडला तर? हे मी बोललो. कुंदा माझ्या डोक्यावर उगाच हात फिरवून आत गेली. तिचं समाधान झालं असावं.

२२ जुलै
पुण्याच्या दृष्टीने नव्याने सुरुवात. नवीन निकष: दमट हवा, होस्टेल, चोरी. जोमाने बसलो. मागची पानं काढली आणि अडकलो. ब म्हणजे ऋतिकची कंपनी, ते पक्कं. पण अ कोणती आणि क कोणती? मी कुठेच लिहून ठेवलेलं नाही. निःपक्षपातीपणा इतका कडक पाळला की आता मलाच सांगता येत नाही. मोबाइलमधले जुने कॉल पुसले गेलेत.
स्वतःचा थोडा अभिमान वाटला. मग वाटला नाही.

२५ जुलै
मार्ग सापडला. पंधरा ऑगस्टला सगळ्या कंपन्या सवलती देतात, मॉडेलंही नवी येतात. तोवर थांबणं शहाणपणाचं. स्पृहाला म्हटलं, पहिले दोन आठवडे वहीत नकाशे काढ, हाताने काढलेला नकाशा पक्का लक्षात राहतो. तिने कुंदाकडे पाहिलं. कुंदाने तिच्याकडे. दोघी वाद न घालता उठल्या.
पटलेलं दिसतंय. बऱ्याच दिवसांनी मन शांत.

२७ जुलै, रविवार
लॅपटॉप घरात आहे.
दोघी बाजारात गेल्या होत्या, मला वाटलं चादरी आणायला. चादरीही आणल्या. लॅपटॉप कसा निवडला विचारलं. स्पृहा म्हणाली, हातात घेऊन पाहिला, हलका होता. बस? बस.
खोक्यावरचं नाव वाचलं. माझ्या तिघांपैकीच एक. ब नाही. अ की क, ते सांगता येत नाही.
विक्रीनंतरच्या सेवेबद्दल एक प्रश्न तरी विचारला का? कुंदा म्हणाली, विचारला ना. दुकानदार म्हणाला, काही झालं तर फोन करा.

३० जुलै, बुधवार
स्पृहा गेली. पुण्याची ट्रॅव्हल्स वेळेवर आली. या लोकांच्या वक्तशीरपणाबद्दल मी जे ऐकलं होतं तसं नव्हतं.
लॅपटॉपची बॅग मी चढवली. सीटखाली ठेवू नको, मांडीवर घे, पाणी जवळ ठेवू नको, सगळं सांगितलं. ड्रायव्हरला गाडीच्या ब्रेकबद्दल विचारणार होतो, तोवर त्याने हॉर्न वाजवला. स्पृहा पाया पडायला वाकली तेव्हा मी तिला चार्जर दाखवत होतो. ती खिडकीतून म्हणाली, बाबा, आता दुसरं काहीतरी तपासा.
म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं.
घरी आलो. काही काम नाही. कुंदाने मारेगावचा नारळ फोडला आणि चटणी केली. चांगला निघाला.

२ ऑगस्ट
स्पृहाचा रोज एक फोन येतो, कुंदाला. लॅपटॉप कसा चाललाय विचार, असं मी बाजूने सांगतो. ठीक चाललाय म्हणे. तापतो का? नाही. पंख्याचा आवाज? नाही. स्क्रीन? ठीक.
एवढं ठीक असणं मला बरं वाटत नाही.

६ ऑगस्ट, संध्याकाळी ७
अनोळखी नंबर. उचलला. लॅपटॉप कंपनीच्या कस्टमर केअरमधून बोलतेय, एक मुलगी म्हणाली. कंपनीने स्वतःहून फोन केला! खरेदीला दहा दिवस झाले, तुमचा अभिप्राय हवा.
माझा नंबर कसा मिळाला, विचारलं. ती म्हणाली, सर, लॅपटॉप रजिस्टर करताना मॅडमनी हाच नंबर दिलाय. त्यांचा स्वतःचाही मागितला होता, पण त्या म्हणाल्या, बाबांना करा, ते नक्की उचलतील.
मी खुर्चीवर बसलो.
तिने विचारलं, लॅपटॉपमध्ये काही अडचण? म्हटलं, नाही. एक ते पाचमध्ये किती गुण द्याल? म्हटलं, मी कसे देणार, लॅपटॉप इथे नाहीच. पुण्याला गेला.
ती म्हणाली, मग सर, प्रॉब्लेम काय आहे?
मी वही उघडून तक्त्यात उत्तर शोधू लागलो. बराच वेळ झाला असावा, कारण तिने विचारलं, सर, होल्डवर ठेवू का? म्हटलं, ठेवा.
बासरी लागली. एकच सूर, मधेच तुटणारा, पुन्हा पहिल्यापासून.
म्हणजे स्पृहाचा लॅपटॉप अ आहे. सशर्त बाद केलेला.
कुंदाने आतून विचारलं, कोणाचा फोन आहे? म्हटलं, कामाचा. फोन ठेवला नाही. डाळ शिजेपर्यंत ऐकत बसलो.