टिकलीखालचा दिवा

मंगळवार, संध्याकाळ. आलापल्ली.

धाकट्या भावाचा जुना ट्रक सकाळी पुन्हा सुरू होईना. धुराच्या सेन्सरचा पिवळा दिवा दिसू नये म्हणून त्यानं त्यावर बायकोची टिकली चिकटवलीय. अज्ञानाला सौभाग्यलेणं!

मिस्त्री म्हणाला, "सेन्सर तं गेलाच, पण डिझेलच्या पाइपातही हवा घुसून राह्यली. नवा पाइप उद्या येईन."

"दादा, तोवर तुमचा एखादा मंत्र म्हणून पाहा न," माझ्या पूजापाठाला धाकटा हसला.

मला हसू आलं नाही. सुनीताचे, त्याच्या बायकोचे, दिवस भरलेत. घरात दुसरं वाहन नाही. चावी फिरवून मी टिकली काढली. दिवा होताच.

टिकली अजून बोटाला चिकटलीय. आत्ता खिडकीतून पाहिलं. चावीनं नाही तर घरंगळून तरी सुरू व्हावा, म्हणून धाकट्यानं चार माणसं लावून ट्रक ढकलत उतारावर लावलाय. तोंड दवाखान्याकडे.